‘रेक’ आणि ‘रेक २’: कॅमेरा कुणाच्या हातात? (प्रकल्प नोंदी)

३ जुलै

व्हिडिओ-निबंधाची जोडी पक्की केली: ‘रेक’ (२००७) आणि ‘रेक २’ (२००९). दोन्ही स्पॅनिश भयपट. दोन्हींचे दिग्दर्शक जाउमे बालागेरो आणि पाको प्लाझा. दोन्ही बार्सिलोनातल्या एकाच इमारतीत घडतात आणि गोष्टही एकाच रात्रीची आहे. पहिला संपतो तिथूनच, काही मिनिटांच्या फरकाने, दुसरा सुरू होतो. एरवी सिक्वेल म्हटलं की गाव बदलतं, मधे वर्षं जातात, नायक म्हातारा होतो. इथे तेच जिने, तीच दारं, तेच मुडदे. त्यामुळे बदललंय काय, ते वेगळं काढून दाखवता येतं.

‘दोनांतला भारी कुठला’ या वादात मला फार रस नाही. निकाल लागायचा तो लागेल. आधी दृश्यागणिक तक्ता करायचा, तीन रकान्यांचा: कॅमेरा कुणाकडे आहे, उजेड कुठून येतोय, आणि जीव वाचवायचा सोडून हा माणूस शूटिंग का करतोय. फाउंड फुटेजचा, म्हणजे पात्रांनीच केलेलं चित्रण आपण पाहतोय असं भासवणाऱ्या प्रकाराचा, सगळा डोलारा तिसऱ्या रकान्यावर उभा असतो. तिथे पटण्यासारखं उत्तर नसेल तर झॉम्बी कितीही चांगला रंगवा, प्रेक्षक मनातून बाहेर पडलेला असतो.

दोन्हींचे शेवट फोडल्याशिवाय हा निबंध होणार नाही. पहिल्याच वाक्यात तसं सांगून टाकायचं.

६ जुलै

पहिल्या चित्रपटाचा तक्ता पूर्ण.

तिसऱ्या रकान्यात सुरुवातीला एकच शब्द: नोकरी. आंखेला विदाल ही टीव्हीवर रात्रीचा कार्यक्रम करणारी निवेदिका. लोक झोपलेले असताना शहरात कोण काय करतं, हा त्या कार्यक्रमाचा विषय. आज पाळी अग्निशमन केंद्राची. कॅमेरामन पाब्लो शेवटपर्यंत आपल्याला धड दिसत नाही. त्याचा आवाज आणि त्याची नजर, एवढंच. पहिली काही मिनिटं अक्षरशः काहीच घडत नाही. जवान जेवतात, आंखेला त्यांचे कपडे घालून बघते, बोलताना चुकते, पुन्हा टेक घेते. हा कंटाळा मुद्दाम ठेवलेला आहे आणि एकाही सेकंदाने कमी करण्यासारखा नाही. चुकलेले टेक तसेच राहिलेत, म्हणजे या टेपला अजून कुणाचा हात लागलेला नाही, हे आपल्याला न सांगता कळतं.

यामागे अनुभव आहे. बालागेरो आणि प्लाझा यांनी २००२ मध्ये ‘ऑपेरासिऑन त्रिउन्फो’ या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेवर मिळून माहितीपट केला होता. टीव्हीचा कॅमेरा माणसांभोवती कसा घुटमळतो, हे त्यांनी जवळून पाहिलेलं. आंखेला साकारणारी मानुएला वेलास्को स्वतः टीव्हीवर निवेदन करणारी. तिला माइक धरायला शिकवावं लागलं नसणार. या भूमिकेसाठी तिला नवोदित अभिनेत्रीचा गोया हा स्पेनचा चित्रपट-पुरस्कार मिळाला.

मदतीचा फोन येतो, जवानांबरोबर हे दोघेही त्या इमारतीत शिरतात, आणि आत माणसांना पिसाळवणारी लागण पसरलेली असते. पुढे याच रकान्यातलं उत्तर दोनदा बदलतं. इमारत बाहेरून सील होते, पोलीस ‘कॅमेरा बंद करा’ म्हणून ओरडू लागतात, तेव्हा नोकरीच्या जागी हक्क येतो: आम्हाला कोंडलंय, हे लोकांना कळलं पाहिजे. आंखेला इथे हट्टी होते, थोडी आगाऊसुद्धा. जखमी माणसांसमोर माइक धरणाऱ्या बाईबद्दल आपल्याला जरा चीड यावी, इतपत. आणि वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत हक्क वगैरे गळून पडतो आणि उरतो उजेड. कॅमेऱ्यावरचा दिवा हा शेवटचा दिवा आहे, म्हणून कॅमेरा चालू. नोकरी, हक्क, डोळे. एका तासात एकाच यंत्राची तीन कामं होतात आणि कुणीही त्याबद्दल भाषण देत नाही. निबंधाचा पहिला भाग हाच.

९ जुलै

पोटमाळ्याचा शॉट फ्रेम-फ्रेम करून पाहिला.

सर्वांत वरच्या बंद घरात आंखेला आणि पाब्लो. छतातलं झाकण उघडं आहे. पाब्लो स्वतः वर चढत नाही, हात उंच करून फक्त कॅमेरा वर घालतो आणि हळूहळू गोल फिरवतो. इथे एक विलक्षण गोष्ट घडते. आतापर्यंत कॅमेरा आणि माणूस एकाच जागी होते. आता कॅमेरा वर, माणूस खाली. आपण, म्हणजे प्रेक्षक, एकटेच वर जातो. फिरता फिरता जवळजवळ पूर्ण फेरी होते, काही नाही, काही नाही, आणि मग अचानक एक पिसाळलेला मुलगा. दिवा फुटतो.

इतर कुठल्याही चित्रपटात हा साधा दचका असता. इथे त्या दचक्याने दिवा काढून घेतला आणि पुढची सगळी मिनिटं नाइट व्हिजनमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या अंधारात पाहण्याच्या सोयीवर, ढकलली. दचक्याचा हिशोब पुढच्या दृश्यात चुकता होतो, म्हणून तो फुकटचा वाटत नाही.

त्यानंतरचा खेळ जास्त क्रूर आहे. पाब्लोला कॅमेऱ्यातून दिसतं, आंखेलाला काहीच दिसत नाही. तिच्या बुबुळांना धरायला जागाच नाही, ती नुसती चाचपडते. आपल्याला मात्र सगळं दिसतं, तिच्या मागे कोण आहे तेही. त्या बंद घरात असलेली मेदेइरोस नावाची ही झपाटलेली मुलगी साकारली आहे हाविएर बोतेत या पुरुष नटाने. त्याला मार्फान सिंड्रोम हा जन्मजात विकार आहे, त्यामुळे उंची आणि हातापायांची लांबी जन्मजात तशी. त्या देहाची लांबी संगणकाने ओढलेली नाही.

बारीक शंका: खांद्यावरच्या व्यावसायिक टीव्ही कॅमेऱ्याला असं नाइट व्हिजन असतं का? ही सोय प्रामुख्याने घरगुती हँडीकॅमवर ओळखीची. असू दे. ही सूट मी आनंदाने देतो.

१० जुलै

आवाज. पहिल्या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. जिन्यातला घुमारा, बाहेरचं हेलिकॉप्टर, माइकवर घासणारं कापड, वरच्या घरातला टेपरेकॉर्डर. माझ्या निबंधालाही संगीत लावायचं नाही. क्लिपखाली घुमणारा सूर टाकला की क्लिपची ताकद निम्मी होते.

१४ जुलै

दुसऱ्या चित्रपटाचा तक्ता सुरू.

पहिल्या काही मिनिटांतच जाणवतं की तिसरा रकाना भरायची गरजच दिग्दर्शकांनी काढून टाकली आहे. आत जाणारे आहेत ‘जिओ’, स्पेनच्या राष्ट्रीय पोलिसांचं विशेष कृती दल. प्रत्येकाच्या हेल्मेटवर कॅमेरा. शिवाय रोसो नावाचा एक जण मोठा कॅमेरा घेऊन. शूटिंग का? हुकूम आहे म्हणून. ‘आता कॅमेरा खाली ठेव’ असं कुणी म्हणायची सोयच नाही.

उत्तर बिनतोड आहे आणि म्हणूनच थोडं निर्जीव. आंखेलाचा हट्ट तिच्या स्वभावातून येत होता. हेल्मेटला स्वभाव नसतो. त्यात ही माणसं बंदूकधारी, शिकलेली, शिस्तीची. त्यामुळे भीतीची जात बदलते: पहिल्यात ‘हे काय आहे?’ होतं, इथे ‘आता कोपऱ्यावर कोण?’ आहे. पाठलाग, गोळ्या, ओरडून दिलेले हुकूम. वेग वाढला आणि घाम तेवढा येत नाही.

अपवाद तुकडीतल्या लार्राचा प्रसंग. तो तुकडीपासून तुटतो, एका घरात अडकतो, बाहेर जायला वाट उरत नाही आणि शेवटी स्वतःवर गोळी झाडतो. हाताने धरलेला कॅमेरा माणूस टाकून देऊ शकतो, तोंड फिरवू शकतो. डोक्याला बांधलेला कॅमेरा तेवढीही मुभा देत नाही. बहु-कॅमेऱ्यांची कल्पना सबंध चित्रपटात इथे सर्वांत कामाला आली आहे.

आणखी एक नोंद: रोसो ही भूमिका करतो पाब्लो रोसो, म्हणजे दोन्ही चित्रपटांचा खरा छायाचित्रकार. पहिल्यातला पाब्लोही तोच. एकाच माणसाने दोनदा आपलंच काम पडद्यावर केलं आणि दोन्ही वेळा कॅमेरा हातात असताना मेला. निबंधात एक ओळ, जास्त नको.

१७ जुलै

मधला भाग. इथे बहुतेकांचा चित्रपटावरचा राग जमा होतो आणि तो अनाठायी नाही.

तुकडीचं चित्रण तुटतं आणि अचानक आपण तीन पोरांच्या कॅमेऱ्यात असतो, तेही घटनाक्रमात मागे जाऊन. गच्चीवरचा टवाळपणा, हवा भरलेली बाहुली, फटाके. मग कुतूहलापोटी गटारातून इमारतीत. पोरं कंटाळवाणी लिहिली आहेत, एकाचा चेहरा दुसऱ्यापासून वेगळा लक्षात राहत नाही. तोंडात फटाका फुटण्याचा प्रसंग तर बालागेरो-प्लाझांना कुणीतरी पैज लावून करायला लावल्यासारखा.

पण त्यांच्याबरोबर आत शिरणारा बाप बघा. पहिल्या चित्रपटात तापाने फणफणलेली जेनिफर आहे, आणि तिची आई सांगते की नवरा औषध आणायला गेलाय. तेव्हा ते वाक्य नुसतं भरतीचं वाटतं. दुसऱ्या चित्रपटात तो नवरा औषध घेऊन परत येतो. पोलीस आत सोडत नाहीत, म्हणून एका अग्निशमन जवानाला गळ घालून गटारातून येतो. मुलीचं काय झालंय हे आपल्याला माहीत, त्याला नाही. पोरांऐवजी कॅमेरा या बापाकडे असता तर? तिसऱ्या रकान्याचा प्रश्न आला असता हे खरं, औषध आणणारा बाप शूटिंग कशाला करेल? पोरांकडे कॅमेरा देण्याचं कारण इतकंच असावं. कारण पटतं. नुकसान व्हायचं ते होतंच.

२१ जुलै

झॉम्बी की झपाटलेले?

पहिल्यात लागण चावण्यातून पसरते. मॅक्स नावाच्या कुत्र्यापासून माग काढत आरोग्य खात्याची माणसं येतात. सगळी भाषा साथीची. फक्त शेवटच्या घरात भिंतीवर क्रूस, वर्तमानपत्रांची कात्रणं, व्हॅटिकनचा उल्लेख, पोर्तुगालमधून आणलेली मुलगी आणि एका पाद्र्याचं ध्वनिमुद्रण. पाच-सात मिनिटांचा ऐवज, तोही धावपळीत. अर्धवट कळतं आणि दिवा जातो.

सिक्वेलने ही पाच मिनिटं उचलून त्यांचा पूर्ण चित्रपट केला. आरोग्य खात्याचा म्हणून आलेला डॉक्टर ओवेन हा प्रत्यक्षात पाद्री निघतो. मेदेइरोसच्या रक्ताचा नमुना घेऊन जायचा, हे त्याचं काम. तो जपमाळ पुढे करून प्रार्थना म्हणतो आणि पिसाळलेली माणसं थबकतात. ‘साथीच्या चित्रपटात सैतान कुठून आणला’ ही तक्रार मला टिकणारी वाटत नाही. सैतान पहिल्यापासून माडीवर बसलेला होता.

२००८ मध्ये आलेल्या अमेरिकन आवृत्तीने, ‘क्वारंटाइन’ने, नेमका हाच धर्माचा धागा कापला आणि रेबीजसारखा रोग ठेवला. बाकी चित्रपट बराचसा शॉटला शॉट मिळता. तिचा पुढचा भाग (२०११) विमान आणि विमानतळावर गेला आणि त्याने फाउंड फुटेजही सोडून दिलं. माडी रिकामी केल्यावर पुन्हा त्याच इमारतीत जायला कारण राहिलं नव्हतं, हा माझा अंदाज.

खरी किंमत दुसरीकडे मोजावी लागली. रोगाला नियम नसतात, किंवा असले तरी कळत नाहीत; सैतानाला असतात. प्रार्थनेने थांबतो हे कळलं की प्रेक्षक मनात हिशोब मांडायला लागतो: आता जपमाळ कुणाकडे आहे? भीतीला हिशोब सोसत नाही.

त्या बदल्यात एक मोठी गोष्ट मिळाली. पहिल्यातले लागण झालेले नुसते किंचाळतात. दुसऱ्यातले बोलतात. त्या तीन पोरांपैकी लागण झालेल्या तितोला बांधून ओवेन त्याची उलटतपासणी घेतो, आणि त्याच्या तोंडून जे बोलतं ते तितो नसतं. शेवटासाठी ही तयारी आहे. त्यावर स्वतंत्र नोंद हवी.

२५ जुलै

नाइट व्हिजन, दोन्हीकडचं, समोरासमोर लावून पाहिलं. माझ्या मते सिक्वेलची सर्वांत मोठी झेप हीच.

अशा कॅमेऱ्याचं तंत्र साधं आहे. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड उजेड छोट्या दिव्यांतून टाकायचा, कॅमेऱ्याच्या आतली इन्फ्रारेड अडवणारी काच बाजूला करायची, म्हणजे अंधारातल्या वस्तू उमटतात. जे आहे, ते दिसतं. पहिला चित्रपट या मर्यादेत राहतो. तिथे नाइट व्हिजन म्हणजे नाइलाज.

दुसऱ्यात तितोकडून कळतं की मेदेइरोस त्याच घरात आहे, पण उजेडामुळे तुम्हाला वाट दिसत नाही. दिवे बंद केल्यावर नाइट व्हिजनमध्ये असा दरवाजा दिसतो जो उजेडात तिथे नव्हताच. तंत्राच्या दृष्टीने ही सरळ लबाडी आहे. कुठलाही इन्फ्रारेड दिवा भिंतीत दार पाडत नाही. पण कल्पना म्हणून काय उंचीची! ज्या यंत्राला पुरावा मानून आपण हा सगळा प्रकार पाहतोय, ते यंत्र आता श्रद्धेचं साधन झालं. डोळ्यावर विश्वास ठेवायचा की पडद्यावर? ओवेनसारख्या माणसाला हा प्रश्न पडत नाही, पोलिसांना पडतो.

पहिल्यातला अंधार जास्त घाबरवतो, कारण त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. दुसऱ्यातल्या अंधाराला नकाशा आहे. तरी लक्षात जास्त राहतो तो दुसरा. दोन्ही वाक्यं व्हॉइसओव्हरमध्ये एकापाठोपाठ ठेवायची.

२९ जुलै

शेवट. आंखेला जिवंत सापडते, पाब्लोचा कॅमेरा तिच्यापाशी असतो. मेदेइरोसला ती मारते. मग बाहेर पडायचं, तर ओवेन नकार देतो. दार उघडायचा हुकूम फक्त ओवेनच्या आवाजात मान्य होणार, ही अट चित्रपटाने आधीच घालून ठेवली आहे. आंखेला त्याला मारहाण करते, मधे पडणाऱ्या रोसोला संपवते, शेवटी ओवेनलाही. आणि वायरलेसवर ओवेनच्या आवाजात बोलते.

चित्र हाच पुरावा मानणाऱ्या प्रकारात निर्णायक फसवणूक आवाजाने होते. कॅमेरा चालू असताना, सगळं समोर दिसत असताना, बाहेरच्यांना फक्त ऐकू जातं. पहिल्या चित्रपटात आपण या बाईच्या नजरेला नजर लावून सव्वा तास काढला आहे. तिच्यावर विसंबायला पहिल्या चित्रपटाने शिकवलं आणि दुसऱ्याने ते वसूल केलं. वेलास्कोने इथे चेहऱ्यावर फार काही केलेलं नाही, नुसती स्वस्थता आणली आहे, आणि तेवढं पुरतं.

१ ऑगस्ट

मधल्या भागावरचं आणि शेवटावरचं टिपण शेजारी ठेवल्यावर निबंधाचा कणा सापडला.

पहिल्या चित्रपटात काळ सरळ जातो. चित्रण बहुतांश घटनाक्रमानेच केलं, नटांना पूर्ण पटकथा दिली नव्हती, आणि जवान वरून जिन्याच्या पोकळीत कोसळतो तो क्षणही खाली उभ्या नटांना आधी सांगितलेला नव्हता. परिणाम असा की ही एक टेप आहे, जशी भरली तशी. कुणी निवडलेली नाही. ती कुठल्याही क्षणी थांबू शकते. (गंमत म्हणजे संकलनच नाही असं भासवणाऱ्या या चित्रपटाला संकलनाचा गोया मिळाला, दाव्हिद गायार्त यांना. योग्यच मिळाला.)

दुसऱ्यात काळ मागे जातो. पोरांचा कॅमेरा तुकडीच्या कॅमेऱ्यानंतर येतो, घटना आधीची असून. आणि अगदी शेवटी, आंखेलाने आवाज बदलल्यावर, पाब्लोच्या जुन्या कॅमेऱ्यातला तुकडा येतो: पहिला चित्रपट संपताना अंधारात ओढून नेल्यावर मेदेइरोसने आंखेलाच्या तोंडात काय सोडलं ते. हा तुकडा इथे कुणी लावला? घटनाक्रमाने तो सर्वांत आधी यायला हवा. तो शेवटी आला, कारण कुणीतरी बसून विचार केला की प्रेक्षकाला हे आता कळावं.

म्हणजे पहिला चित्रपट ही कॅसेट आहे आणि दुसरा ही फाइल. फाइल म्हटली की ती तयार करणारा आला, आणि तो जिवंत आहे, टेबलाशी बसलेला आहे, त्याला सगळं माहीत आहे. सिक्वेल कमी घाबरवतो याचं कारण मी इथे शोधतो. पोरं, गोळीबार, सैतान ही सगळी दुय्यम कारणं. आपल्यासोबत त्या इमारतीत आता एक संकलक आहे आणि आपण एकटे नाही.

पटकथेच्या श्रेयनामावलीतही थोडा फरक आहे: पहिल्यात दिग्दर्शकांबरोबर लुइसो बेर्देहो, दुसऱ्यात मानू दिएझ. यातून फार अर्थ काढायचा नाही. दिग्दर्शक तेच होते आणि मांडणी बदलण्याचा निर्णय त्यांचाच असणार.

५ ऑगस्ट

रफ कट. पडदा दुभागून दोन्ही चित्रपट शेजारी दाखवायचा मोह टाळला. पोटमाळ्याचा शॉट अर्ध्या पडद्यावर मरतो. एक क्लिप पूर्ण, मग दुसरी पूर्ण. फक्त नाइट व्हिजनच्या दोन चौकटी काही सेकंद शेजारी, आवाज बंद करून.

तिसऱ्या आणि चौथ्या चित्रपटाला अर्धा मिनिट. ‘रेक ३’ (२०१२, एकटे प्लाझा) लग्नाच्या व्हिडिओने सुरू होतो आणि थोड्याच वेळात हातातला कॅमेरा सोडून नेहमीच्या पद्धतीने चालू लागतो. ‘रेक ४’ (२०१४, एकटे बालागेरो) आंखेलाला जहाजावर नेतो, तिथेही फाउंड फुटेज नाही. दुसऱ्यात संकलक आत आला, त्यानंतर हातातल्या कॅमेऱ्याला धरून राहायचं कारण उरलं नाही, असं मी म्हणणार. वाद होईल. होऊ दे.

८ ऑगस्ट

पोरांवरचा परिच्छेद निम्मा कापला, बापावरचा वाढवला. लार्राच्या क्लिपमध्ये गोळी झाडण्याच्या आधी कट. ‘हे कुणी लावलं?’ हा प्रश्न शेवटच्या तुकड्यानंतर विचारायचा होता, तो आता त्याच्या आधी घेतला, म्हणजे बघणारा तो तुकडा प्रश्न डोक्यात ठेवून बघेल. सबटायटल तपासायची राहिलीत, ओवेनच्या प्रार्थनेची विशेषतः. ती झाली की फाइल एक्स्पोर्टला.